पाळणाघराच्या दारातलं नॉर्मल

"नॉर्मल," मोठ्या मावशी म्हणाल्या आणि त्यांनी खारूची पिशवी तिच्या आईच्या हातात दिली.

रोज संध्याकाळी हेच. पाळणाघराचं दार अर्धं उघडायचं, आतला गलका बाहेर सांडायचा, मोठ्या मावशी खारूला पुढे करायच्या आणि खारूची आई विचारायची, "कशी होती आज?" त्यावर हा एवढा एकच शब्द. जेवली का? नॉर्मल. झोपली का? नॉर्मल. रडली वगैरे? छे हो, नॉर्मल. मुलगी सांभाळायला ठेवली होती की तिचा ताप बघायला, असा प्रश्न पडावा.

दुसरी एखादी आई हा शब्द ऐकून सुखाने घरी गेली असती. पण खारूच्या आईचं आणि या शब्दाचं जुनं वाकडं होतं. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासायचं काम करायची. एका बाजूला पेशंटचा आकडा, दुसऱ्या बाजूला नॉर्मलची हद्द. आकडा हद्दीत बसतो का ते बघायचं आणि कागद पुढे सरकवायचा. ही हद्द आखतात कशी, ते तिला कॉलेजात शिकवलं होतं. धडधाकट माणसं गोळा करायची, त्यांचं रक्त तपासायचं, दोन्ही टोकांची थोडीथोडी माणसं कापून टाकायची आणि मधे उरलेल्या गर्दीला नॉर्मल म्हणायचं. कापलेली माणसंही धडधाकटच असतात, फक्त गर्दीत नसतात. आणि गर्दीतला माणूस ठणठणीत असेलच, याची कुणी खात्री दिलेली नसते. हे एकदा कळल्यावर तो शब्द तिला दुधावरच्या सायीसारखा वाटायला लागला होता. वरून गुळगुळीत, खाली काय शिजतंय ते दिसत नाही.

शिवाय खारूच्या वेळी सिझर झालं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण बाळाकडे बघायच्या आधी विचारायचा, "नॉर्मल ना?" ती "नाही, सिझर" म्हणाली की समोरच्याचा चेहरा असा पडायचा, जसं काही ती परीक्षेत नापास झाली होती आणि मूल तिला ग्रेस मार्कांवर मिळालं होतं. तेव्हापासून तिने बघून ठेवलं होतं, लोक हा शब्द किती सढळ हाताने वाटतात ते. हॉटेलात पाणी थंड की नॉर्मल. दुकानात हे भारीतलं, हे नॉर्मल. शेजारचं जोडपं भांडी आपटायला लागलं की, "काही नाही हो, नॉर्मल भांडण." नवऱ्याचं तर पोटच त्या शब्दावर होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट खडखडायला लागून लोक घाबरले की हा वर जाऊन कान लावायचा आणि खाली येऊन सांगायचा, "हा आवाज नॉर्मल आहे." लोक निवांत व्हायचे. लिफ्ट खडखडतच राहायची.

खारूला नुकतीच दोन वर्षं झाली होती. दोन्ही हातांत बिस्कीट धरून खारीसारखं कुरतडायची, म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव. खरं नाव आता फक्त लसीच्या कार्डावर उरलं होतं. गेले काही दिवस तिचं काहीतरी बिनसलं होतं. काय, ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. हाक मारली की कधी बघायची, कधी ढिम्म. मागून जाऊन उचललं की अशी दचकायची की उचलणाऱ्याच्याच काळजात धस्स व्हावं. डोक्याशी मिक्सर घरघरत असला तरी गाढ झोपायची, आणि कुणी नुसतं पलंगाच्या कडेला टेकलं की टक्क जागी. बोलण्याची गाडी "बा" आणि "म्म" या दोन स्टेशनांपुढे सरकत नव्हती. त्याच पाळणाघरातली, तिच्याच वयाची एक ठेंगणी मुलगी रोज दारात उभी राहून खारूच्या आईला सांगायची, "माझी आई अजून आली नाही, हिची कशी आली?"

दचकते, म्हणजे कुणीतरी दचकवतं. एवढी झोपते, म्हणजे कुणीतरी झोपवतं. आईच्या मनात पाल चुकचुकली आणि मग ती भिंतीवरून हलेचना.

आंघोळ घालताना ती खारूचं अंग बोटाबोटाने तपासायला लागली. चिमटा नाही, वळ नाही. गुडघा खरचटलेला, पण तो तर तिच्यासमोरच अंगणात पडून खरचटला होता. तिने दुधाच्या बाटलीचा वास घेऊन पाहिला. मोबाइलवर कुठल्याशा गावातल्या कुठल्याशा पाळणाघराची बातमी तिने वाचली होती, मुलं गप्प राहावीत म्हणून त्यांना झोपेचं औषध पाजत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी ती बाटलीत उरलेलं दूध लॅबमध्ये घेऊन गेली आणि शेजारच्या टेबलावरच्या टेक्निशियनबाईंपुढे ठेवलं.

"हे तपासून देता?"

टेक्निशियनबाईंनी बाटली उजेडात धरली. "अगं बाई, आपण रक्त तपासतो, लघवी तपासतो. दूध कधीपासून? दूधवाल्यावर संशय असेल तर दूधवाला बदल."

"दूधवाल्यावर नाही."

"मग कुणावर?"

टेक्निशियनबाईंनी बाटली परत दिली आणि आवाज खाली आणला. "पहिल्या मुलाच्या वेळी मीही अशीच होते. भिंतीवर सावली हलली तरी चोर दिसायचा. होतं असं. नॉर्मल आहे."

म्हणजे आता संशयसुद्धा नॉर्मल. करा काय करायचं ते.

घरी तर बोलायची सोयच नव्हती. सासूबाईंनी विषय निघायच्या आधीच निकाल लावला होता. "तुझा नवरा तीन वर्षांचा होईस्तोवर 'बा'च्या पुढे गेला नव्हता. आता बघ, थांबतो का?"

"आई, पण ती हाकेला ओ देत नाही."

"तो अजून देत नाही. बापावर गेली आहे झालं."

जेवता जेवता नवरा हसला. "अगं, तूच तिला एवढं टक लावून बघतेस की ती घाबरत असेल. जरा नॉर्मल वाग ना तिच्याशी."

त्यावर ती जे म्हणाली ते शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. मुद्दा एवढाच होता की लिफ्टचा आवाज आणि पोटची पोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुसवा मिटवायला नवऱ्याने शनिवारी मुलांच्या डॉक्टरांकडे न्यायचं कबूल केलं.

डॉक्टर भले माणूस होते, पण बाहेर रांग होती. त्यांनी खारूचा घसा पाहिला, पोट दाबलं, कानात बॅटरी मारली. आईने हाकेचं सांगितलं तेव्हा ते उठून खारूच्या मागे गेले. खारू आईच्या मांडीवर, तोंड आईकडे. डॉक्टरांनी हात वर केले, टाळी वाजवली. खारूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"बघितलंत? एकदम नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "प्रत्येक मुलाची चाल वेगळी असते. घरी ताण असला की मुलं थोडी मिटतात. दिवसभर कुठे असते?"

"पाळणाघरात."

"मग तिथलं वातावरण बघा एकदा."

बस्स. आता डॉक्टरांनीही बोट तिकडेच दाखवलं होतं. नवरा वाटेत म्हणाला, "झालं समाधान?" तिच्या डोक्यात बेत शिजत होता.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भर दुपारी, कुणाला काही न सांगता, पाळणाघर गाठलं. तिथे ती रोज यायची, पण सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी कधीच नाही. पाळणाघर चालवणाऱ्या दोघी बहिणी होत्या, मोठ्या मावशी आणि धाकट्या मावशी. एका जुन्या इमारतीचा तळमजला त्यांनी भाड्याने घेतला होता. ती दारावरची घंटा वाजवणार होती, पण हात मधेच थांबला. आतून काहीच आवाज येत नव्हता.

ज्या घरात दोन मुलं असतात तिथेही छप्पर उडायची वेळ येते. इथे डझनावारी मुलं, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी. सगळी झोपली म्हणावीत, तर ही झोपायची वेळ नव्हती. ती वेळ मावशींनीच तिला सांगितली होती. म्हणजे बातमीतलं ते खरं. औषधच.

इमारतीच्या बाजूला बोळ होता, तिथे पाण्याचे पाइप आणि एक मोडकी खुर्ची. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला आतून रंगीत कागद चिकटवला होता. तिने पर्स खांद्यावर घट्ट केली आणि पदवीधर बाईने करू नये ते केलं, खुर्चीवर चढून वरच्या काचेतून डोकावली.

मुलं जागी होती. सगळी. कुणी ठोकळे रचत होतं, कुणी चित्र रंगवत होतं, आणि सगळं एखाद्या आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. तेवढ्यात खोलीतला दिवा दोनदा विझला आणि पेटला. मुलं उठली आणि मोरीच्या दाराशी रांगेत उभी राहिली. धाकट्या मावशींनी एक पंजा उघडून हवेत गोल फिरवला. मुलांनी बाह्या वर केल्या. मोठ्या मावशींनी जमिनीवर पायाने दोन ठोके दिले. मुलं खाली बसली. शब्द नाही, ओरडा नाही. खारू रांगेत सगळ्यांत पुढे होती आणि सगळ्यांत आधी बसली.

आईच्या अंगावर काटा आला. एवढ्या लहान मुलांना अशी शिस्त लागते ती फक्त भीतीने, असं तिला वाटलं. सर्कशीतल्या प्राण्यांना लागते तशी.

धाकट्या मावशींची नजर खिडकीकडे गेली. खुर्चीवर उभी असलेली, काचेला नाक लावलेली बाई पाहून कुणीही किंचाळलं असतं. धाकट्या मावशी किंचाळल्या नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने दाराकडे या म्हणून खूण केली.

दार उघडलं तशी खारूच्या आईने श्वास न घेता सुरुवात केली. "काय चाललंय हे? ही पोरं अशी..."

"हळू," मोठ्या मावशी कुजबुजल्या. "चपला काढा. पाऊलही जपून टाका."

"मी हळू बोलणार नाही. आधी सांगा, तोंडं का शिवली आहेत त्यांची?"

मोठ्या मावशींनी छताकडे बोट दाखवलं. "वर एक गृहस्थ राहतात. छापखान्यात रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. मागे दोनदा त्यांनी घरमालकाकडे तक्रार केली. मालक म्हणाला, आणखी एकदा तक्रार आली तर जागा सोडा. ही जागा गेली तर आम्ही दोघी जाणार कुठे, आणि ही पोरं कुठे?"

"आणि आतल्या खोलीत तान्ही असतात," धाकट्या मावशी म्हणाल्या. "एक उठलं की सगळी उठतात. मग आम्ही हळूहळू हे बसवलं. दिवा दोनदा म्हणजे हात धुवा. पंजा फिरवला म्हणजे बाह्या वर. ठोका म्हणजे बसा. खांद्यावर हात ठेवला म्हणजे माझ्याकडे बघ. पाच वाजता ते वरचे उठतात, मग काय घालायचा तो धिंगाणा घाला. तुम्ही येता तेव्हा असतोच की."

"आम्हाला कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तुम्ही आत्ता म्हणालात तेच म्हणाला असतात," मोठ्या मावशी म्हणाल्या. त्यात थोडी लाज होती आणि थोडा टोला. "या, बसा. काय बघायचं ते बघा. आमच्याकडे झाकायसारखं काही नाही."

ती भिंतीला टेकून बसली. खारू पाठमोरी होती, एका काठीत रंगीत रिंगा घालत होती. ती रडवेली नव्हती, पेंगुळलेलीही नव्हती. घरी चिडचिड करणारी, हातातलं फेकून देणारी तिची पोर इथे मान वाकवून शांत खेळत होती. धाकट्या मावशी तिच्या शेजारी टेकल्या, खांद्याला बोट लावलं, पेल्याची खूण केली. खारूने लगेच मान हलवली.

"तुमची तर सगळ्यांत हुशार आहे," मोठ्या मावशी कानाशी कुजबुजल्या. "बाकीच्यांना या खुणा शिकवायला आठवडा लागतो, मधेच तोंड उघडतात. ही पहिल्याच दिवशी शिकली. हिला काही सांगायलाच लागत नाही. म्हणून तर तुम्हाला रोज नॉर्मल म्हणते."

खारूच्या आईला या कौतुकाने बरं वाटायला हवं होतं. पण कौतुकाची बाजू उलटून बघायची सवय जाते कुठे? सगळ्यांत आधी का शिकली? दोन वर्षांचं मूल, बोलण्यापेक्षा खुणा सोप्या का वाटल्या तिला?

तेवढ्यात आतल्या खोलीत एक तान्हं रडलं. एकदम, टिपेला. धाकट्या मावशी उठून धावल्या. चित्र रंगवणाऱ्या मुलांनी माना वर केल्या, ठोकळेवाल्यांनी वर केल्या, त्या ठेंगण्या मुलीने तर "उठलं" अशी कुजबुजती बातमीही दिली. सगळे डोळे आतल्या दाराकडे. खारूने निळी रिंग काठीत घातली. मग पिवळी शोधली. मग तिचं लक्ष समोरच्या मुलाकडे गेलं. तिने त्याचा चेहरा पाहिला. मग त्या ठेंगणीचा. मग ती सगळी जिकडे बघत होती तिकडे मान वळवून तिनेही पाहिलं.

भिंतीला टेकलेल्या आईला एकाएकी डॉक्टरांची खोली दिसली. त्यांनी हात वर केले तेव्हा ती स्वतः त्यांच्याकडे बघत होती, आणि खारू तिच्या मांडीवर बसून तिच्या डोळ्यांकडे. टाळी वाजली म्हणून खारू वळली नव्हती. आईने बघितलं म्हणून वळली होती.

"मावशी," ती म्हणाली. "तुम्ही हिला कधी हाक मारली आहे?"

"हाक?" मोठ्या मावशींनी विचार केला. बराच वेळ केला. "इथे हाक मारायची वेळच येत नाही हो. आणि हिला तर नाहीच." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी खारूकडे पाहिलं, मग खारूच्या आईकडे.

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा तिने त्याला हातपायही धुऊ दिले नाहीत. खारूला गादीवर बसवलं होतं, समोर वाट्या आणि चमचे.

"तिच्या मागे उभा राहा आणि हाक मार. आई, तुम्ही तिच्याकडे बघू नका. भिंतीकडे बघा. मीही भिंतीकडे बघते."

"हा काय खेळ आहे?" सासूबाई म्हणाल्या, पण भिंतीकडे वळल्या.

"खारू," नवऱ्याने नेहमीच्या आवाजात हाक मारली. वाट्यांची चाळवाचाळव चालू राहिली. "खारू." जरा मोठ्याने. "ए खारूताई." त्याच्या आवाजातलं हसू अजून शिल्लक होतं.

सासूबाईंना राहवेना. त्यांनी पाय आपटला, आणि खारूने चटकन मान फिरवली. "हे बघ, ऐकलं की. उगीच पोरीला नावं ठेवतेस."

"ते पायाने आलं, आई. जमीन हलली. गादीवर बसूनही तिला ते कळलं, कारण तिला तेच कळतं. आता कुणी हलू नका."

पुन्हा भिंती. पुन्हा हाक. नवरा एकेक पायरी आवाज चढवत गेला. खडखडाटातून कुठलं बेअरिंग गेलं आहे ते ओळखणारा माणूस होता तो. आवाजात काय असतं आणि काय नसतं, ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेवटची हाक त्याने अशी मारली की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकला. तेव्हा कुठे खारूने मान जराशी वर केली, समोर पाहिलं, तिथे कुणी नव्हतं म्हणून पुन्हा वाटीत चमचा घातला.

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. नवरा गादीच्या कडेला बसला. खारूला गादी दबलेली कळली, ती मागे वळली, बाबा दिसल्यावर खुदकन हसली आणि चमचा त्याच्या हातात दिला.

"उद्याची वेळ घे," तो म्हणाला. "कानाच्या डॉक्टरांची. मी सुट्टी टाकतो."

वेळ उद्याची नाही, पुढच्या आठवड्यातली मिळाली. तेवढे दिवस ती खारूला पाळणाघरात सोडत राहिली, कारण लॅबमध्ये आधीच रजा झाली होती. मोठ्या मावशी दारात येऊन काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडायच्या आणि नुसती पिशवी द्यायच्या. एकदा मात्र त्यांनी तिचा हात धरला. "आम्हाला वाटलं, गुणी आहे. गुणी पोर म्हणजे त्रास न देणारी पोर, असंच आम्ही धरतो हो." तिला त्यांचा राग येत नव्हता. पण विश्वासही वाटत नव्हता. त्यांच्यावरच असं नाही, कुणावरच नाही. इमारतीच्या जिन्यावर कुणी "कशी आहे खारू?" म्हणून विचारलं तरी ती विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघून घ्यायची की याला काही ठाऊक आहे का.

कानाच्या दवाखान्यात एक छोटी खोली होती. जाड दार, भिंतींना स्पंज. तपासणी करणाऱ्या बाई काचेपलीकडे यंत्राशी बसायच्या.

"मुलगी तुमच्या मांडीवर राहील," त्यांनी समजावलं. "डाव्या-उजव्या स्पीकरमधून आवाज येतील. ती आवाजाकडे वळली की तिथल्या डब्यातलं खेळणं उजळेल. हे तुम्ही कानाला लावा. यात सरसर ऐकू येत राहील, बाहेरचं काही नाही. आणि एक सांगते, ते सगळ्यांत अवघड आहे. चेहरा हलवायचा नाही. मुलं आईच्या चेहऱ्यावर ऐकतात."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

दार बंद झालं. कानांत सरसर सुरू झाली. थोड्या वेळाने खारूने डावीकडे मान वळवली, आणि डब्यात एक माकड उजळून टाळ्या पिटायला लागलं. खारूने हात पसरले. मग उजवीकडे वळली, तिकडे अस्वल. आईचा श्वास सुटला. वळते आहे. म्हणजे ऐकू येतंय. म्हणजे आपणच वेड्या.

मग खारू वळेनाशी झाली.

आता आवाज येतोय की नाही, हे कळायला आईला काहीच मार्ग नव्हता. कदाचित बाई थांबल्या असतील. कदाचित यंत्रात बटण फिरवत असतील. की आवाज येतोय, चांगला मोठा येतोय, सगळ्या जगाला ऐकू जाईल एवढा? काचेपलीकडे बाईंचं फक्त कपाळ दिसत होतं. खारूला खेळणं हवं होतं. तिने डब्याकडे पाहिलं, डबा काळा. तिने वर आईच्या तोंडाकडे पाहिलं, नेहमीसारखं, विचारत. कुठे बघू? आईने चेहरा भिंतीसारखा ठेवला. खारूने तिची हनुवटी धरून आपल्याकडे ओढली. डोळ्यांत शोधलं, ओठांवर शोधलं. एक भुवई हलली असती तर पोरीला उत्तर मिळालं असतं, बाईंनी खूण केली असती, आणि सगळे पुन्हा तोच शब्द म्हणून घरी गेले असते. तिने भुवई हलू दिली नाही. खारूचे ओठ थरथरायला लागले तेव्हाही नाही.

जाड दार उघडलं. बाई आत येऊन काहीतरी बोलल्या. कानांत अजून सरसर होती, शब्द ऐकू आला नाही. पण लॅबच्या खिडकीवरची मुलगी वाईट रिपोर्ट देताना जसं फार गोड तोंड करायची, तसं बाईंचं तोंड होतं. कानावरचं काढायच्या आधीच तिला कळलं. तिने खारूला छातीशी धरलं आणि चेहरा सोडून दिला.

"घाबरण्यासारखं नाही," बाई म्हणत होत्या. "नॉर्मल कानाला जेवढं..."

"नॉर्मल राहू द्या. हिला काय ऐकू येतं ते सांगा."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. "दार आपटलेलं येतं. अगदी जवळून, मोठ्याने बोललेलं येतं, पण पाण्याखालून आल्यासारखं. शब्दांच्या कडा येत नाहीत. दोन्ही कानांत. जन्मल्यावर तपासणी झाली होती?"

"झाली होती. तेव्हा ठीक होती म्हणाले."

"मग नंतर उतरलं असणार. काही मुलांचं होतं तसं. आणखी तपासण्या लागतील, पण यंत्रं लवकरात लवकर लावू. बरं झालं आत्ता आणलंत. कुणाच्या लक्षात आलं?"

ती खारूचं नाक पुसत राहिली.

बाहेर बाकावर नवरा बसला होता. तिला पाहून उठला. तोंड उघडलं, पण 'नॉर्मल ना?' बाहेर पडलं नाही.

"कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "दोन्ही कानांनी. यंत्रं लावायची. समोर येऊन, जवळून बोलायचं."

तो गुडघ्यांवर खाली बसला, तोंड खारूच्या तोंडासमोर आणलं आणि म्हणाला, "घरी जायचं?"

खारूने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग मान वर करून आईकडे पाहिलं. आईने मान हलवली नाही, की डोळ्यांनी काही सांगितलं नाही. खारू परत बाबाकडे वळली.

"घरी," तो म्हणाला. मोठ्याने, आणखी जवळून. "घरी जायचं का, खारू?"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत. त्याने तिसऱ्यांदा विचारलं, आणि खारूने एक हात उचलून, आवाज निघत होता तिथे, त्याच्या गळ्यावर ठेवला.